मासा गेला तर

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना अख्खी इमारत चकतीकाका म्हणते. नोकरी वीज कंपनीत, मीटर वाचायची. लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायचा, मीटरमधली चकती किती फिरली ते टिपायचं आणि मग त्या घरातल्या बाईकडे असं बघायचं, की तिने वीज पदराखाली लपवून पळवली आहे. निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या चकत्या बघायला मिळेनात, तेव्हा हा माणूस स्वतःच्याच मीटरसमोर जाऊन उभा राहू लागला. लोक सकाळी फिरायला जातात, हे जिन्याखाली जातात.

घरातला कारभार तर विचारूच नका. पाहुण्याने पाण्याचा पेला तोंडाला लावेपर्यंत त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद. "खिडकीतून वारा येतोय की छान!" म्हणे. त्यांच्या खिडकीतून वारा आत जाताना मी तरी कधी पाहिला नाही. त्यालाही अनुभव असणार. एकदा काकू अंघोळीला असताना त्यांनी बाहेरून बाथरूमचा दिवा मालवला. त्यावर काकू जे बोलल्या ते वरच्या मजल्यापर्यंत पोचलं. सगळं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात काकांच्या टॉर्चचा उल्लेख होता आणि तो कुठे ठेवावा याची सूचनाही होती.

अशा घरात काकूंच्या भावाने माशांची काचेची पेटी भेट दिली. मेहुण्यावर सूड उगवायचा याहून सभ्य मार्ग नसावा. पेटीला दिवा, आणि पाण्यात हवा सोडणारा एक इवलासा पंप. तो दिवसरात्र चालू ठेवायचा असतो, हे ऐकल्यावर काकांचा चेहरा घरात कुणीतरी गेल्यासारखा झाला.

"चकती फिरते," ते म्हणाले.

"फिरू दे. तिला तेवढंच काम आहे," काकू म्हणाल्या. "तुमच्यासारखंच."

मग बटणाची लढाई सुरू झाली. काकू चालू करून बाजारात जायच्या, काका बंद करून पेपर वाचायला बसायचे. मासे बिचारे मधल्यामध्ये मरायचे. आधी गोल्डफिश गेले, मग पट्टेवाले, मग ते शेपटीचा तोरा मिरवणारे. प्रत्येक मृत्यूवर काकांचं निदान एकच, "मुळातच अशक्त होता." जसे काही रोज नाडी बघत होते!

शेवटी उरला एक गुरामी जातीचा मासा. सांडलेल्या चहाच्या रंगाचा, ओठ सुजल्यासारखे, रूपाच्या नावाने आनंदीआनंद. पण तो अधूनमधून वर यायचा, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली. मासेवाल्याने काकूंना सांगितलं होतं, "हा वरची हवाही घेतो, म्हणून लगेच मरत नाही. पण पंप लागतोच हां, ताई." काकांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्या वाक्याला कान बंद केले. ती सवय त्यांना होतीच.

एके दिवशी पंप पुन्हा बंद सापडला. काकूंनी दार सताड उघडलं आणि जिन्यात सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "ऐकून ठेवा. हा मासा गेला, की मी गेले. भावाकडे. कायमची."

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत कुणी कुणाची प्रकृती विचारीना. "मासा कसा आहे?" एवढंच विचारायचं. काकाही टरकले. ज्याला गॅस पेटवायची भीती वाटते आणि स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याच्या घाबरण्याला प्रेम म्हणायचं की सोय, ते तुम्हीच ठरवा. पण पंप चालू राहिला. काका त्याच्याकडे पाठ करून बसत.

एवढ्यात काकांचे थोरले भाऊ पाय घसरून पडले आणि दोघांना गावी जाऊन राहावं लागलं. निघताना काकूंनी पंपाच्या बटणावर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये', आणि नवऱ्याकडून शपथ घेतली.

"तुझी शपथ, या बटणाला हात लावणार नाही!" काका म्हणाले. मग काकू बॅग घेऊन पुढे उतरल्या आणि कुलूप लावायला काका मागे राहिले. झाली ना चूक!

आठवड्याहून जास्त दिवसांनी दोघं परतली. मी माझ्या दारात होतो. दाराला तेल घालायचंच होतं. काकूंनी दिव्याचं बटण दाबलं. अंधार. दुसरं दाबलं. अंधारच.

"अहो, मेन स्विच?"

"मी त्या बटणाला हात लावलेला नाही," काका ताठ मानेने म्हणाले. "चिठ्ठी बघ. जशीच्या तशी आहे."

काकू पेटीकडे धावल्या. जिन्यातल्या उजेडात पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ दिसलं. मी मागून डोकावलो. काहीच हलेना. काकूंनी काचेवर बोट टेकलं. मग त्या गढुळातून सुजलेले ओठ वर आले, हवेचा घोट घेतला, बुडुक! आणि खाली गेले.

इथे गप्प बसण्याची अक्कल असती, तर माणूस वाचला असता.

"बघितलंस?" काका उजळले. "इतके दिवस पंप नाही, दिवा नाही, खाणं नाही. जगला की नाही? काही लागत नाही गं याला! तो पंप उद्याच विकून टाकू."



"जगला नाही हो तो," काकू म्हणाल्या. "मेला नाही, एवढंच."

आणि त्यांनी भावाला फोन केला. तासाभरात तो गाडी घेऊन हजर. काकूंनी झाकणाच्या बादलीत पाणी घेतलं, गुरामीला अलगद त्यात सोडलं, आणि गावाहून आणलेली बॅग न उघडताच पुन्हा उचलली. पंप भावाने खिशात घातला.

"अगं, पण बोली काय होती?" काका दार अडवून वकिली करू लागले. "मासा गेला तर तू जाणार! मासा तर जिवंत आहे!"

"जिवंत आहे आणि चाललाय," काकू म्हणाल्या. "मासा गेला, की मी गेले. मी दुसरं काय म्हटलं होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. शब्द तेच होते, मी काय करणार?

"भाऊजी, जरा बाजूला व्हा," काकूंचा भाऊ म्हणाला. ते झाले.

काकू बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून एकेक पायरी जपून उतरत होत्या. काका कठड्यावरून वाकले. जिन्यात जमलेल्या आम्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी हाक मारतील. त्यांनी मारलीही.

"सांभाळून! जिन्यात पाणी सांडेल!"