मास्तरीण पात्र ठरली

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहते. तिच्या शिंपी नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून ही मास्तरीण. मास्तर गेले, नाव राहिलं. हात सफाईदार आणि जीभ त्याहून. झगा घट्ट झाला म्हणून एकीने कुरकुर केली, तर मास्तरीण म्हणाली, "कापड आटलं नाही, तुम्ही सुटलात."

अशा बाईला भास होत असतील हे मला पटेना. पण मास्तर गेल्यानंतर काही महिन्यांनी ती भर दुपारी माझ्या दारात उभी राहिली.

"ताई, हे आतल्या खोलीत शिवत बसलेत."

"हे म्हणजे कोण?"

"मला काय चार आहेत?"

मी तिच्याबरोबर खाली गेले. आतल्या खोलीत लख्ख ऊन होतं आणि मास्तरांचं पायाचं मशीन कापडाखाली झाकलेलं होतं. माझे कान अजून तिखट आहेत. मला काही ऐकू आलं नाही. ती मात्र चौकटीला टेकून, मान किंचित कलती करून उभी होती. स्वयंपाक आटोपला की नवऱ्याची वाट बघत उभं राहावं, तशी.

तिच्या मुलाने येऊन मशीनचा पट्टा काढून नेला. पट्ट्याशिवाय चाक नुसतं लोखंड. तरी आवाज थांबला नाही. मग तो म्हणाला, "आई, उपचार घे, नाहीतर हे मशीन मी भंगारात देतो."

ही धमकी लागू पडली. मशीन वाचवायला ती काहीही करायला तयार झाली. खासगी उपचार आवाक्याबाहेरचे. सरकारी आरोग्य विम्यात मानसशास्त्रज्ञाकडच्या बैठका मिळतात, पण त्यासाठी माणूस आधी पात्र ठरावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. राहिली घरची पाहणी. ऐकू येणाऱ्या आवाजाला बाहेरचं कारण नाही, हे विम्याचा माणूस स्वतः येऊन बघतो. नळ वाजत असला, शेजारी खरंच कोणी शिवत असलं, तर तो आजार नव्हे. मग बैठकाही नाहीत.

पाहणीला एक तरुण तपासनीस आली. मास्तरिणीने मला शेजारी बसवून घेतलं होतं. प्रश्न सुरू झाले.

"मावशी, आवाजाची भीती वाटते?"

"नवऱ्याची कसली भीती?"

मी तिला कोपराने ढोसलं. पात्र व्हायचंय की नाही या बाईला? तपासनीस हसली, मान खाली घालून लिहू लागली आणि लिहिता लिहिता सहज म्हणाली, "आत कोण शिवतंय? त्यांना जरा थांबायला सांगा ना."

मी मास्तरिणीकडे बघितलं.

तपासनीस मुलीने मान वर केली. मास्तरिणीची मान तशीच कलती. मग दोघींचे डोळे एकदम आतल्या दाराकडे वळले, एकाच क्षणी. माझ्या कानावर मात्र रस्त्यावरच्या गाड्यांखेरीज काही नाही.

"थांबलं," तपासनीस हळूच म्हणाली. "आता चाकावर थाप मारली. कोणीतरी खाकरलं."

"कॉलरचं टोक आलं असणार," मास्तरीण म्हणाली. "टोकावर असंच करतात ते."

मुलगी उठली, आत गेली, कापड उचललं. पट्टा नसलेलं मशीन तिने बराच वेळ पाहिलं. चाकाला एक बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. भिंतींना कान लावून झाले, नळ बघून झाले. परत आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"आजी, तुम्हाला ऐकू आलं ना?" तिने मला विचारलं.

हो म्हटलं असतं तर मास्तरीण अपात्र. नाही म्हटलं तर ही पोरही आजारी. मला खोटं बोलायचा कंटाळा आहे. मी नाही म्हणाले.

तिने लिहिलं की बाहेरचं कारण आढळलं नाही. मास्तरीण पात्र ठरली. बैठका झाल्या आणि, मानलं पाहिजे, गुण आला. हळूहळू आवाज बंद झाला. मुलाने पट्टा परत आणून बसवला. मास्तरीण जेवेनाशी झाली. "मशीन वाचलं ताई," ती म्हणाली, "पण हे गेले."

मग एका दुपारी ती तपासनीस आली. डोळे खोल गेलेले.

"मावशी, माझ्या घरात शिवणाचं मशीन नाही. कधीच नव्हतं. तरी…"

"तूही बैठका घे की," मी म्हणाले.

"आम्हा कर्मचाऱ्यांचा विमा वेगळा, आजी. त्यात मानसशास्त्रज्ञ बसत नाही. मी अपात्र आहे."

मास्तरीण तिच्याकडे बघत होती. सवत बघावी तसं आधी, मग निराळंच.

"टोकावर थांबतात? थाप मारतात?"

मुलीने मान डोलावली.

मास्तरिणीने चष्मा घेतला, कात्री घेतली, पायात चपला सरकवल्या. "चल," ती म्हणाली. "ताई, दार तेवढं ओढून घ्या."

तेव्हापासून दुपारी तिचं दार बंद असतं. ती आता जेवते, रंगही सुधारलाय. ती पोर पण झोपते म्हणे, मास्तरीण शेजारी काजं करत बसली की. गिऱ्हाइकं येऊन कडी वाजवतात आणि मग माझा जिना चढून विचारतात, मास्तरीण कुठे गेली?

मी सांगते, नवऱ्याकडे.