खानावळवालीचा रकाना

गेली वीसेक वर्षं मी लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारते. कागदोपत्री मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर. चाळीत मला फॉर्मवाली बाई म्हणतात आणि तेच खरं आहे. कोणतीतरी संस्था संशोधन काढते, मला सहा महिन्यांचं नाहीतर वर्षाचं कंत्राट मिळतं, आणि मी अँटॉप हिलच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समधून पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा घेऊन निघते. कधी मुलांच्या वाचनाचा अभ्यास असतो, कधी मधुमेहाचा, कधी म्हाताऱ्यांच्या एकटेपणाचा. विषय बदलतात. फॉर्मचं मराठी मात्र कायम तेच. ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून’ असं वाचायला लागलं की समोरचा माणूस घाबरून विचारतो, “काय कोर्टाचं आहे का?”

मी सांगते ती गोष्ट फुप्फुसांच्या अभ्यासाची. करोना ओसरल्यानंतरच्या वर्षांतली.

लालबाग-परळमधल्या जुन्या गिरणी कामगारांच्या श्वासावर कापसाच्या धुळीचा काय परिणाम झाला, हे त्यात शोधायचं होतं. विषय ऐकून मला बरं वाटलं होतं. माझे वडील गिरणीतच होते आणि खोकतच गेले. म्हटलं, निदान या वेळी कामाचं काहीतरी करतोय आपण. अभ्यासाच्या प्रमुख मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. परदेशातून पीएचडी करून आलेल्या, हुशार, कामाला वाघ. मला ‘ताई’ म्हणायच्या. आमचं काम असं, की घरी जायचं, संमतीपत्रावर सही घ्यायची, प्रश्न विचारायचे आणि शेवटी माणसाला एका नळीत जोरात फुंकायला सांगायचं. नळीला यंत्र जोडलेलं, त्यावर श्वासाची ताकद दिसायची.

गिरणीत काम केलेल्यांची फुंकर मोजायची, तशीच तुलनेसाठी त्याच चाळींतल्या, गिरणीत कधीच न गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचीही मोजायची होती. अशाच यादीतून मी त्या आजींकडे पोचले.

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाची खोली. आजी ऐंशीच्या पुढच्या. मूळच्या मालवणकडच्या, लग्न होऊन मुंबईत आल्या त्या इथेच राहिल्या. नवरा कधीच गेलेला, मुलगा डोंबिवलीला. दार उघडून पलंगापर्यंत चालत जाईपर्यंत त्यांना दम लागला. तरी बसल्या बसल्या आधी मलाच विचारलं, “चाय घेतलस काय गो?”

संमतीपत्र वाचून झालं. सही केली त्यांनी, अंगठा नव्हे, सही. मग वय, उंची, विडी-तंबाखू. पुढे कामाचा प्रश्न.

“आजी, तुम्ही काय काम करत होता?”

“खानावळ,” त्या म्हणाल्या. “तीस माणसांचा जेवाण रांधी होतंय मी. दोन टायम.”

मी टॅबवर बोट फिरवलं. पर्याय होते: गिरणी कामगार, बांधकाम, कारखाना, कार्यालयीन नोकरी, दुकानदार, गृहिणी. ‘इतर’ नव्हतंच. कोणीतरी दिल्लीत बसून तो पर्याय उडवला होता, कारण ‘इतर’मध्ये लोक काहीही भरतात म्हणे. प्रश्न वगळून पुढे जायचीही सोय नव्हती, पुढचं बटण उमटतच नसे.

मी मॅडमना फोन लावला. त्या कुठल्यातरी मीटिंगमध्ये होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, “स्वतःच्या घरीच करत होत्या ना? मग गृहिणी टाका, ताई.”

मी गृहिणी दाबलं. खाली आपोआप ओळ उमटली, ‘काम करत नाही’. आणि नियमाप्रमाणे मी ती मोठ्याने वाचून दाखवली. तेवढा एक प्रामाणिकपणा नडला.

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्चीत चुळबुळले.

“काम करीत नाय? मी?”

“आजी, ते मशीनमध्ये तसंच आहे. आपण नुसतं पुढे...”

“आयक. पाटे चारला उठान भुशाची शेगडी पेटवी होतंय. रे रोडच्या लाकडाच्या वखारीतसून भुसो येय. तो धूर असो, की भिंत दिसा नाय. मगे भाकऱ्यो. पयली पाळी सुटान माणसा येयपर्यंत आमटी तयार. मगे दुसऱ्या पाळयेचा. वीस वर्सां. आनि ह्या मशीन सांगता, मी काम करूक नाय?”

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. थांबल्यावर नळी पुढे केली, तर त्यांनी तोंड फिरवलं.

“आदी माझा काम लिव. मगे फुकतंय.”

मी समजावलं, विनवलं. शेजारची बाई येऊन म्हणाली, “आजी, फुंका ना, त्यांना पुढे जायचंय.” काही उपयोग झाला नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यांचंच पटत होतं. माझे वडील लग्नाआधी आठ वर्षं अशाच एका खानावळीत जेवले. त्या मावशीचं नाव घरात माझ्या आत्यांच्या बरोबरीने घेतलं जायचं. गावाहून एकटे आलेले हजारो पुरुष गिरण्यांत राबले ते काय हवा खाऊन?

शेवटी फॉर्मच्या तळाला ‘शेरा’ नावाची चौकोनी जागा होती, तिथे मी त्यांना विचारून लिहिलं: खानावळ, वीस वर्षं, भुशाची शेगडी, नंतर रॉकेलचा स्टोव्ह, बंद खोली, धूर. ते त्यांना वाचून दाखवलं. चष्मा लावून त्यांनी स्वतः पुन्हा वाचलं. मग नळी तोंडात धरली आणि फुंकली. यंत्रावरचा आकडा इतका खाली होता, की मला वाटलं, नळी सुटली असेल. तीनदा फुंकायला लावलं. तीनदा तेवढाच.

त्या दिवसानंतर मला अशा बाया दिसायलाच लागल्या. आधीही असणार, मी विचारलंच नव्हतं. यादीतल्या प्रत्येक ‘गृहिणी’ला मी विचारायला लागले, “खानावळ होती का हो घरी?” कोणी दहा माणसं जेवायला ठेवलेली, कोणी वीस. कॉटन ग्रीनच्या एका मावशींकडे तर गोदामातले हमालही जेवायचे. प्रत्येकीचं मी शेऱ्यात लिहिलं. एका भेटीला पाऊण तास ठरलेला, माझा दीड तास व्हायला लागला. ऑफिसातून फोन येऊ लागले, ताई तुमचा वेग कमी पडतोय. मी काय सांगणार? घरी यजमान म्हणाले, “कशाला जीव काढतेस? जे विचारलंय तेवढं भर आणि ये.” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

काम संपलं, माहिती गेली. आठ-दहा महिने काही कळलं नाही. ते नेहमीचंच. लोक मला भाजीबाजारात अडवून विचारतात, “आमच्या रिपोर्टचं काय झालं?” आणि मला दर वेळी खोटं हसावं लागतं.

मग एक दिवस मॅडमचा फोन आला. पेपर लिहून तयार आहे, लोकांना वाटायला मराठी पत्रक करायचं आहे, भाषांतर तुम्ही कराल का? मी आनंदाने हो म्हटलं. निदान एकदा तरी परत जाऊन लोकांना काही सांगता येईल.

ईमेल उघडून वाचायला लागले आणि चौथ्या ओळीवर थांबले. त्यात लिहिलं होतं, की गिरणीतल्या धुळीचा फुप्फुसांवर झालेला दीर्घकाळचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी आढळला. का? तर वय, उंची, बाई-पुरुष हे सगळं जमेस धरूनही, ज्यांचा धूळ-धुराशी संबंध आला नाही अशा गटाचा श्वासही फार चांगला नव्हता, त्यामुळे दोन्ही गटांत मोठा फरक उरला नाही.

हा संबंध न आलेला गट कोण, ते पाहायला मी तक्ता उघडला. कार्यालयीन नोकरी, दुकानदार. आणि सगळ्यांत जास्त, गृहिणी.

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं धुरात रांधलेल्या बायका यांनी स्वच्छ हवेतल्या म्हणून मोजल्या होत्या! त्यांचाही श्वास गेलेला, म्हणून गिरणीवाल्यांचं नुकसान कमी दिसलं. म्हणजे बाईचं काम पुसलं आणि त्या पुसलेल्या कामाने पुरुषाचा खोकलाही पुसला. आणि हे पत्रक घेऊन मी लालबागच्या जिन्यांवरून फिरायचं, खोकणाऱ्या माणसांच्या हातात द्यायचं!

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. वेळ न घेता.

“मॅडम, हे मी भाषांतर करणार नाही.”

“का? मानधनाचं काही...”

“मानधन राहू द्या. हे चूक आहे.”

मॅडमचा चेहरा बदलला. “ताई, हे तीन जणांनी तपासलंय. आकडेवारीचं काम तुम्ही आमच्यावर सोडा.”

“आकडे तुमचे बरोबरच असतील. माणसं चुकीची आहेत. त्या बायका खानावळी चालवायच्या, भुशाच्या शेगडीवर. मी प्रत्येकीचं लिहिलंय.”

“कुठे?”

“शेऱ्यात.”

 त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, “शेरे कोणी वाचत नाही, ताई.”

मला हसावं की रडावं कळेना. दुपारच्या उन्हात जिने चढून, फोनवर बोलणी खाऊन, एकेका म्हातारीच्या तोंडून ऐकून लिहिलेलं, आणि ते कोणी वाचतच नाही! मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. म्हटलं, मग ती जागा ठेवलीत कशाला? आमच्या समाधानासाठी? तुम्ही आठ तास लॅपटॉपसमोर बसता, ते काम. ती बाई पहाटे चारपासून तीस माणसांच्या भाकऱ्या भाजते, ती गृहिणी? मी फोन केला तेव्हा तुम्हीच म्हणालात, गृहिणी टाका. आजूबाजूची पोरं मान खाली घालून टाईप करत राहिली. बोलून झाल्यावर पुढचं कंत्राट गेलं हे मी धरूनच चालले.

 मॅडमनी संगणकावर माहितीची फाईल उघडली आणि शेऱ्यांचा रकाना खाली खाली सरकवत वाचायला लागल्या. बराच वेळ वाचलं. मधेच म्हणाल्या, “भुशाची शेगडी म्हणजे नेमकी कशी असते?”

मी म्हटलं, “दाखवू शकत नाही. पण सांगणारी माणसं आहेत.”

पुढच्या शनिवारी मी त्यांना आजींकडे घेऊन गेले. आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हीच काय तुझी ती मशीनवाली?” मला म्हणाल्या. मग मॅडमना शेगडीत भुसा कसा ठासायचा, मध्ये बाटली धरून भोक कसं ठेवायचं, ओला भुसा आला तर डोळ्यांची काय गत व्हायची, हे सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. मॅडम वहीत लिहीत होत्या. मालवणी अडलं की मी मधे बोलायची. निघताना मॅडम म्हणाल्या, “आजी, माझी चूक झाली.”

आजी म्हणाल्या, “चूक झाली ती झाली. आता नीट करतलंस काय?”

नीट करणं सोपं नव्हतं. मॅडमच्या परदेशातल्या गुरूंना ते मुळीच आवडलं नाही. एकदा लिहिलेला पेपर परत उसवायचा, तोही एका फील्डवालीच्या शेऱ्यांवरून! मधले चार-पाच महिने नुसती ईमेलची लढाई. मला पुन्हा प्रत्येक घरी पाठवलं, कामाचा प्रश्न नव्याने विचारायला. तोवर दोघी वारल्या होत्या. एकीच्या सुनेने दारातूनच सांगितलं, “आता कशाला आलात?” 

शेवटी खानावळवाल्यांचा गट वेगळा काढला. तसा काढल्यावर गिरणीतल्या माणसांचं नुकसान स्पष्ट दिसलं, आणि बायकांचंही, जवळजवळ तितकंच. पेपर वर्षभर उशिरा छापून आला. त्यात या बायकांना एक तक्ता आणि एक परिच्छेद मिळाला. आभारात ‘क्षेत्रीय कर्मचारी’ असे दोन शब्द आहेत, त्यात मी आले.

पत्रक मी लिहिलं, ‘सदर’ आणि ‘सर्वस्वी’ न घालता. वाटत वाटत आजींकडे गेले. त्यांनी ते सावकाश वाचलं, ‘खानावळ चालवणाऱ्या स्त्रिया’ या शब्दांवर बोट ठेवून थांबल्या, आणि घडी घालून पत्रक उशीखाली सरकवलं. 

“म्हंजे माझी छाती धुरान गेली, असा?” त्यांनी विचारलं.

“हो आजी. हॉस्पिटलात दाखवायला हवं. औषध आहे त्यावर.”

“आनि आदी डाक्टर काय म्हणी होते? वय झाला म्हणान.”

आता त्या दिवसातून दोनदा पंपाने औषध आत ओढतात. तोंड कडू होतं, पंपाची चव घाणेरडी लागते, अशी मला फोनवर तक्रार करतात. जिना मात्र एका दमात अर्धा चढतात.

मॅडमनी नव्या अभ्यासासाठी मला बोलावलं. मी म्हटलं, फॉर्म आधी मला वाचायला द्या, मग सांगते. त्यांनी पाठवला. मी दुसऱ्याच दिवशी अकरा दुरुस्त्या करून परत पाठवला आणि अजून उत्तराची वाट पाहते आहे.