पिंपावरची टकटक

फ्रान्सच्या जुरा भागातल्या एका तळघरात पाय ठेवला आणि मला मेथीच्या लाडवांचा वास आला. आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर घरात ते लाडू कुणी केले नाहीत. इथे तर सगळी पिवळ्या वाइनची लाकडी पिंपं. वास त्या वाइनचाच होता.

मालकीणबाई म्हणाल्या, "ही साव्हान्यां द्राक्षांची. पिंपातून उडून कमी होत जाते, पण आम्ही वरून भर घालत नाही. तिच्यावर आपोआप यीस्टची साय धरते आणि त्या सायीखाली ती वर्षानुवर्षं जिवंत राहते."

माणूस गेल्यावर त्याची जागाही आपण भरत नाही. तिथे कसली साय धरते, कुणी वाकून बघितलंय?

बाईंनी एका पिंपावर बोटांनी खालून वर टकटक केली. आवाज आधी भरीव होता, मग एकदम पोकळ झाला. आई लाडवांचा डबा असाच वाजवून बघायची.

वाइनसोबत त्यांनी जुनं, खारट चीज आणि अक्रोड दिले. कोंबडीच्या मलईदार रश्शाबरोबरही छान लागते, म्हणाल्या. घोट गिळल्यावर मागून कडसर चव आली. तीही मेथीचीच.

दिवा मालवून आम्ही जिना चढू लागलो, तेव्हा खालून टकटक ऐकू आली.

"लाकूड आकसतं," बाई म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं नाही. अजून किती उरलंय, एवढंच ती बघत असणार.