मी आणि वी

घोडेगावच्या बाजारतळामागच्या गल्लीत राधाकृष्ण गुरुजींचं घर आहे. दारावर निळी पाटी : अखिल भारत एस्पेरांतो मंडळ, मध्यवर्ती कार्यालय. बाजाराच्या दिवशी म्हशी विकायला आलेली माणसं ती पाटी वाचून आत डोकावायची.

"हितं लोनचं काम हुतं का?"

गुरुजींच्या पत्नी झुंबरबाई हसून सांगायच्या, "न्हाई बाबा, हितं भाषा हाय."

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिकडे युरोपात एका डोळ्यांच्या डॉक्टरनं ही भाषा रचली. ती कुठल्याच देशाची नाही, म्हणून कुणीही शिकावी. गुरुजी शाळेत भूगोल शिकवायचे. ही भाषा ते तरुणपणी शिकले आणि पुढे देशभरातल्या मंडळाचे सचिवच झाले. निवृत्तीनंतर रोज सकाळी ओट्यावर बसून ते मोबाईलवर वर्ग घ्यायचे. केरळातली एक नर्स, बंगालातले एक निवृत्त रेल्वेवाले, काठमांडूचा एक दुकानदार, असे सगळे त्यात असायचे. झुंबरबाई शेजारी कांदे निवडत बसायच्या. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज जसा कानाला सवयीचा होतो, तशी ती भाषा त्यांच्या सवयीची झाली होती. अर्थ कधी विचारला नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात गुरुजी कांदाचाळीत उभे होते ते एकदम खाली बसले. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. पुतण्या आसारामनं गाडी काढली आणि नगरच्या दवाखान्यात नेलं. सुप्याच्या कारखान्यात काम करणारी मुलगी आरती धावत आली. जीव वाचला, पण वाचा गेली. गुरुजी बायकोकडे बघायचे, ओठ हलवायचे आणि मग डोळे मिटून घ्यायचे.

एका दुपारी झुंबरबाई त्यांचा हात धरून बसल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "अक्वो."

"काय?" त्या दचकून उठल्या.

"अक्वो. अक्वो." आणि पुढे बरंच काही, अडखळत, तुटक.

आरती रडवेली झाली. "आई, नाना काहीबाही बडबडायला लागले गं."

झुंबरबाईंनी मान हलवली. तो आवाज, तो चढउतार त्यांनी जन्मभर ओट्यावर ऐकला होता. "बडबड न्हाई ती. त्यांचा फोन दे."

फोन लागला तो वर्गातल्या बंगालच्या रेल्वेवाल्या निर्मलेंदू दादांना. झुंबरबाईंची हिंदी मोडकीतोडकी, दादांचीही तशीच. झुंबरबाईंनी फोन गुरुजींच्या तोंडाशी धरला. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग दादा हळूच म्हणाले, "भाभीजी, ते पाणी मागतायत. पाय गार पडलेत म्हणतात. आणि विचारतायत, माझा हात कुणी धरलाय?"

झुंबरबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. नवरा हाताच्या अंतरावर, आणि त्याचं मन कळायला बंगालला जाऊन यावं लागलं. पण ते कळलं! सगळं गेलं असं ज्याच्याबद्दल म्हणत होते, त्या माणसाच्या आत सगळं शाबूत होतं. फक्त बाहेर यायची वाट बदलली होती. त्यांनी पाणी पाजलं, पायांवर घोंगडी टाकली आणि मग विचारलं, "दादा, 'मी तुमची बायको' हे त्यांच्या भाषेत कसं म्हनायचं?"

"मी एस्तास वीआ एद्झीनो."

"त्यातला 'मी' म्हंजी काय?"

"मी म्हणजे मी, भाभीजी. तुमच्या मराठीतलाच, गुरुजी सांगायचे."

त्या चकित झाल्या. कुठला तो परमुलखातला डॉक्टर, आणि त्याचा 'मी' आणि आपला 'मी' एकच! त्यांनी गुरुजींच्या कानाशी तोंड नेऊन ते वाक्य जमेल तसं म्हटलं. गुरुजींनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत काय होतं हे सांगायला आपल्याकडे कुठल्याच भाषेत शब्द नाही, असं झुंबरबाई आजही म्हणतात.

डॉक्टरांनी समजावलं : मेंदूला असा झटका बसला की कधी आईची भाषा मागे राहते आणि शिकलेली पुढे येते, क्वचित असं होतं. मराठी परत येईलही, कधी ते सांगता येत नाही.

"येईल तवा येईल," झुंबरबाई म्हणाल्या. "तवर मीच तिकडं जाते."

घरी आल्यावर निर्मलेंदू दादा रोज फोनवर शिकवू लागले. शब्दाला आधी 'माल' जोडला की तो उलटा होतो, हे कळलं तेव्हा त्या दिवसभर घरात तोच खेळ खेळत होत्या. वार्मा म्हणजे गरम, मालवार्मा म्हणजे गार. बोना म्हणजे चांगलं, मालबोना म्हणजे वाईट. एवढ्याशा चिमटीत केवढं जग धरता येतं!

अडल्या त्या एका जागी. लग्न झाल्यापासून गुरुजी त्यांना 'तू' म्हणत आणि त्या गुरुजींना 'तुम्ही', 'अहो'. या भाषेत दोघांनाही एकच शब्द : वी. तो पहिल्यांदा तोंडातून निघाला तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना! गुरुजी अर्ध्या तोंडानं हसले. "वी," ते त्यांच्याकडे बोट करून म्हणाले. मग स्वतःकडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाले, "वी." झुंबरबाई त्या दिवशी पहिल्यांदा पलंगावर त्यांच्या बरोबरीनं बसल्या.

दिवाळीनंतर मंडळाचा वार्षिक मेळावा होता. जागा गुरुजींनी आधीच ठरवली होती : अकोले तालुक्याच्या डोंगरातली एक निवासी शाळा, तिथं त्यांची पहिली नोकरी झाली होती. सचिवच आजारी, तेव्हा मेळावा रद्द करू, असं सगळ्यांनी कळवलं. झुंबरबाईंनी गुरुजींना विचारलं. ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. झुंबरबाईंनी फोन उचलला आणि एकेकाला लावला. वाक्य ठरलेलं, पाठ केलेलं : "वेनू. नी आतेंदास विन." या. आम्ही तुमची वाट बघतोय.

या दोन वाक्यांवर माणसं निघाली. राजूरपर्यंत एसटी आणि पुढे जीप. आसारामनं जीपवाले बांधून घेतले. शाळेच्या गावच्या भागूबाईंनी आणि त्यांच्या सोबतिणींनी नव्या तांदळाचा भात, आमटी आणि नागलीच्या भाकरी केल्या. दोनेक बायका भाकरी थापता थापता बघत होत्या : जीपमधून एक गोरी हंगेरीची बाई उतरली, काठमांडूचा दुकानदार उतरला, केरळची नर्स उतरली, आणि सगळे एकमेकांशी एकाच बोलीत बोलू लागले.

"ही कोन्त्या गावची बोली व्हय?" भागूबाईंनी विचारलं.

"कोन्त्याच न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या आणि स्वतःच क्षणभर थबकल्या.

सभेत त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. समोरच्या रांगेत खुर्चीवर गुरुजी होते, अंगावर शाल. झुंबरबाई उभ्या राहिल्या. छोटी छोटी वाक्यं जोडत त्या म्हणाल्या, "माझा नवरा सगळा जन्म ही भाषा तुमच्याशी बोलला. माझ्याशी एक शब्द नाही. आता त्याला फक्त माझ्याशीच बोलावं लागतं."

एका क्षणात सगळं सभागृह हसलं. बंगाली, मल्याळी, नेपाळी, हंगेरियन, सगळे एकदमच. कुणी मागं राहिलं नाही, कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. झुंबरबाई बघतच राहिल्या. आपल्या तोंडातलं एक वाक्य एवढ्या मुलखांतल्या माणसांच्या पोटात एकाच वेळी पोचलं, हे त्यांना खरंच वाटेना. देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकताना होतं तसं काहीतरी आत झालं. हात आपोआप जोडले गेले.

गुरुजी सगळ्यांत शेवटी हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्याच सभेत मंडळानं नव्या सचिव निवडल्या. झुंबरबाईंनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा गुरुजींकडे बघून हो म्हटलं. आता ओट्यावरचा सकाळचा वर्ग त्याच घेतात. गुरुजींची मराठी हळूहळू परत येतेय. पहिला शब्द आला तो 'भाकर'. पण वर्गात बायकोचं काही चुकलं की ते टोकतात ते एस्पेरांतोतच, आणि मग दोघांची चांगलीच जुंपते. फोनवरचे विद्यार्थी मुकाट ऐकत राहतात, कारण म्हणे त्यातूनच ते जास्त शिकतात.

पुढचा मेळावा केरळात, पालक्काडला आहे. झुंबरबाईंनी महाराष्ट्राबाहेर अजून पाऊल टाकलेलं नाही. आरतीनं परवा विचारलं, "आई, तिकडची भाषा येत न्हाई, कसं करशीन?"

"लागती कशाला?" झुंबरबाई म्हणाल्या आणि गुरुजींचा स्वेटर पिशवीत भरू लागल्या.