अंगठ्याची जखम आणि ताटातलं वांगं

"अंगठ्याचं बघतो, पण आधी हे बघा," म्हणत डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. उपाशीपोटी साखर दोनशे साठ. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, दहाच्या वर. सिन्नरच्या कारखान्यात नवे सेफ्टी शूज चावून पायाच्या अंगठ्याला फोड आला होता. तीन आठवडे झाले तरी भरेना, म्हणून नाशिकरोडला दाखवायला आलो, तेव्हा त्यांनी आधी रक्त तपासून आणायला लावलं होतं. मधुमेह मनातही नव्हता.

अंगठा वाचेल का, हे विचारायचं धाडस पुढच्या खेपेला झालं. वेळेवर आलात, वाचेल, असं ते म्हणाले.

मग गोळ्या, अँटिबायोटिक आणि दिवसाआड ड्रेसिंग. रांगेत बसलो की नजर दुसऱ्यांच्या पायांवर जायची. कुणाचं बोट नसायचं, कुणाचं पाऊल.

आहारतज्ज्ञ बाईंनी भात-बटाटा कमी केला आणि भाज्यांत वांगं लिहून दिलं. घरी आई अडून बसली. जखम असताना वांगं खाल्लं की पू होतो, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. शेवटी तिलाच सोबत नेलं. तिने डॉक्टरांना सरळ विचारलं.

"आजी, वांग्याने जखम चिघळत नाही. वाढलेल्या साखरेने चिघळते."

बाईंनी पुढचं समजावलं. वांग्यात पिष्ट कमी, पाणी आणि फायबर, म्हणजे चोथा, चांगला. त्यामुळे पोट भरतं, पण साखर झपाट्याने चढत नाही. जांभळ्या सालीत पेशींना जपणारे अँटिऑक्सिडंट असतात. फक्त वांगं तेल फार पितं, म्हणून तळायचं नाही. वांग्याने ज्याला खाज सुटते, त्याने खायचं नाही. आणि ते औषध नव्हे, गोळ्या चालूच ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी आईने गॅसवर वांगं भाजलं, कांदा-कोथिंबीर घालून चमचाभर तेलात भरीत केलं, आणि एकच भाकरी वाढून म्हणाली, "खा." पन्नास वर्षं खात आलेल्या भाजीची किंमत मला त्या ताटावर कळली. आता ती सालीसकट वांग्याचे काप करून तव्यावरही भाजते.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी सातवर आलं. तुमच्याही पायाची जखम आठवडाभरात भरली नाही, तर थांबू नका, साखर तपासा.

शेवटच्या ड्रेसिंगला नर्सने पट्टी सोडली आणि नवी बांधलीच नाही. आई वाकून अंगठ्यावरून हात फिरवत राहिली. पंच्याहत्तरीत मत बदलणं सोपं नसतं. माझ्यासाठी तिने ते बदललं होतं.