कापसाच्या खोलीतली मीटिंग

लॉकडाऊनमध्ये माझी पुण्याची नोकरी लॅपटॉपसकट राळेगावजवळच्या आमच्या घरी आली. घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, म्हणून मला वेगळी खोली मिळाली. पण ती कापसासोबत वाटून घ्यावी लागली. खरेदी बंद होती, त्यामुळे वेचलेला सगळा कापूस तिथेच पडून. मागची खिडकी त्याच्याखाली गडप झाली होती.

दुपारी लाईन जायची. मग लॅपटॉप, पंखा, कुलर सगळं इन्व्हर्टरवर. पण मीटिंग संपायच्या आतच बॅटरी मान टाकायची.

"पुन्हा मधेच गायब झालात, तर मला दुसरं कोणी बघावं लागेल," साहेबांनी स्पष्ट सांगितलं.

बाबांचा निकाल तयार होता. "तुया तो डब्बाच सारी लाईन खाते."

मला पटेना. सकाळी लाईन असताना मी मीटरसमोर उभी राहिले. जास्त वीज गेली की त्याचा लाल दिवा भरभर लुकलुकतो. घरातलं सगळं बंद केलं आणि एकेक वस्तू लावत गेले. लॅपटॉपला दिवा सावकाश, पेंगल्यासारखा. कुलर लावला आणि त्याला जणू उचकीच लागली.

"पाहा बाबा, कोन खाते ते."

"मंग कुलर बंद कर."

"अन् मी काय उकडून मरू?"

पण एवढी वीज खाऊनही खोलीत नुसती चिकचिक काहून, हे मला कळेना. दोऱ्याला कापसाचा पुंजका बांधून पुढच्या खिडकीत बसवलेल्या कुलरसमोर धरला. तोंडाशी फडफडला, जरा मागे सरकले की लोंबकळला. दार उघडलं, तर सरळ दाराकडे ओढला गेला. म्हणजे हवेला आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती. दार उघडं ठेवून मीटिंग करावी, तर आईची फोडणी पुण्यापर्यंत ऐकू जाणार.

"आई, खिडकीपुढचा कापूस हलवू. कोंडलेल्या ओलीनं सादळते तो."

सादळायचं नाव काढताच आई उठली. टोमणा मात्र मारलाच. "बी.कॉम. झाली, पन आमाले पुन्हा कापूसच उचलाले लावला!"

खिडकी मोकळी झाली. दुसरी जागा नव्हती म्हणून काढलेला कापूस पश्चिमेच्या भिंतीला छतापर्यंत रचला. लाईन होती तोवर खिडकी उघडी ठेवून कुलर चालवला, खोली गार झाली. लाईन गेल्यावर कुलर बंद, खिडकी बंद. बॅटरीवर फक्त पंखा आणि लॅपटॉप.

मीटिंग लांबत गेली. माझा एक कान इन्व्हर्टरकडे. बॅटरी संपत आल्याची त्याची टीं-टीं काही वाजली नाही.

"मागे ते पांढरं काय आहे?" शेवटी साहेबांनी विचारलं.

"कापूस, सर. आमच्या शेतातला."

"बरं. उद्याही याच वेळी."

लॅपटॉप मिटला तेव्हा ध्यानात आलं, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन असूनही घाम फारसा आला नव्हता. ढिगात कोपरापर्यंत हात घातला. अलीकडे कोमट. पार भिंतीला बोटं टेकली आणि झटकन मागे घेतली. भिंत तव्यासारखी तापली होती; तिची धग कापसानंच अडवली होती.

"बाबा, इकडं या," मी हाक मारली. "हात घालून पाहा."