बिनडोळ्यांचे शिपाई

संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटलेला असताना, पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडत होती तेव्हा, लालबागच्या आमच्या गणपतीसमोरच्या देखाव्याचा पडदा रंगवायला एक अनोळखी चित्रकार आला. नाव विचारले की तो दातांत कुंचला धरून नुसता हसे. साध्या वेशातले पोलीस तेव्हा चाळीचाळीत फिरत. त्यामुळे मला त्याचा दाट संशय होता. देखाव्याच्या परवानगीसाठी मंडळाचा चिटणीस म्हणून मी पोलिसांना कलमे उद्धृत करून संतप्त पत्रे लिहिली होती. चित्रात काही आक्षेपार्ह आढळले असते, तर मंडपच बंद पडला असता.

पडद्यावर जुन्या काळातल्या किल्लेदाराचे शिपाई निःशस्त्र रयतेवर बंदुका रोखून उभे होते. रयतेचे डोळे टपोरे होते. शिपायांना डोळेच नव्हते.

"काम अर्धवट का ठेवलेत?" मी खडसावले.

"मूर्तीचे डोळे आम्ही शेवटी आखतो, काका. डोळे आले की ती बघायला लागते. हे शिपाई बघायला लागले, तर गोळी घालतील काय?"

तेवढ्यात तपासणीला फौजदार आला. या चित्रकारानेच त्याला बोलावले असणार, याची मला खात्री पटली.

"कधीचं आहे हे?" फौजदाराने दरडावले.

"इतिहासातलं, साहेब," चित्रकार म्हणाला.

"मग डोळे रंगव की!"

"कुणासारखे रंगवू?"

फौजदारासोबतचा हवालदार गिरणगावातलाच होता. त्याने मान खाली घातली. फौजदाराने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि निमूटपणे परवान्यावर सही केली.

चित्रकार कुणाचा माणूस होता, हे मला अजूनही ठाऊक नाही. विसर्जनापर्यंत शिपाई मात्र आंधळेच राहिले.